चालतंय त्याला हात लावू नये

बावीस वर्षं मी नकाराची पत्रं छापत होतो. म्हणजे मी स्वतः कोणाला काही नाकारलं असं नाही. तेवढा कणखरपणा माझ्यात नाही हे आमच्या सोसायटीच्या वॉचमनलाही ठाऊक आहे. परदेशातल्या एका विमा कंपनीचा जुना प्रोग्राम होता आणि तो सांभाळायचं काम आमच्या कंपनीकडे, म्हणजे फिरून फिरून माझ्याकडे होतं. कोणी विम्याचा दावा केला आणि तो द्यायचा नसला, की हा प्रोग्राम एक सभ्य पत्र तयार करायचा. पहिल्या परिच्छेदात आभार. दुसरा 'हाउएव्हर'पासून सुरू. तिसऱ्यात शुभेच्छा. तो प्रोग्राम मी लिहिला नव्हता. ज्या गृहस्थांनी तो माझ्या हवाली केला, त्यांनी निवृत्तीच्या दिवशी कँटीनमध्ये चहा पाजून मला एकच गुरुमंत्र दिला होता : "चालतंय त्याला हात लावायचा नाही. कोणी कितीही आग्रह केला तरी."

मी नाही लावला. मंत्र मी इतका निष्ठेने पाळला की मला त्याबद्दल दोनदा प्रमाणपत्र मिळालं. त्यातलं एक अजून आमच्या कोथरूडच्या घरात टीव्हीमागे, भिंतीला गेलेला तडा झाकायला लावलेलं आहे.

तर गेल्या वर्षी त्या विमा कंपनीने तो प्रोग्रामच बंद केला. नकाराची पत्रं आता एआय लिहितो, आणि म्हणे जास्त प्रेमाने लिहितो. आमच्या मॅनेजर बाईंनी मला काचेच्या खोलीत बोलावलं. वयाने त्या माझ्या धाकट्या मावसबहिणीएवढ्या, पण काचेच्या खोलीत बसलं की माणूस वडीलधारा दिसतो.

"सर, तुम्ही आजपासून बेंचवर," त्या म्हणाल्या.

ज्यांना कल्पना नाही त्यांच्यासाठी सांगतो, आमच्या धंद्यात बेंचवर असणं म्हणजे नोकरी आहे पण काम नाही. शाळेत मला बेंचवर उभं करायचे, इथे बसवतात, एवढाच फरक.

"किती दिवस?"

"बारा आठवडे. तोपर्यंत दुसऱ्या टीममध्ये जागा मिळाली तर उत्तम."

"आणि नाही मिळाली तर?"

त्यांनी पाण्याची बाटली उघडली, एक घोट घेतला, झाकण लावलं. माझ्या प्रश्नाला एवढं सविस्तर उत्तर पुरेसं होतं.

जागा एकच होती. आमच्याच कंपनीत पाण्याच्या मीटरसाठी प्रोग्राम लिहिणारी एक टीम होती. घराघरात, नळाच्या पाइपवर बसवायचे ते मीटर. त्यांना 'लो-लेव्हल'वाला माणूस हवा होता, म्हणजे थेट यंत्राच्या पोटात शिरून लिहिणारा. शिवाय एआयची हत्यारं हाताळता यायला हवीत. "सगळं शिकायला फुकट आहे सर, ओपन सोर्स," बाई म्हणाल्या. "लोकांनी लिहून उघड्यावर ठेवलंय. कोणीही घ्या, वाचा, बदला. मी तुम्हाला एक लिंक पाठवते."

फुकट म्हटल्यावर पुण्याच्या माणसाला आधी संशय येतो आणि मग तो पिशवी घेऊन हजर होतो. मीही झालो.

ती लिंक म्हणजे एक यादी होती. जगातल्या कुठल्या तरी भल्या माणसाने आपल्यासारख्या धडपडणाऱ्यांसाठी केलेली. सी भाषा कुठून शिकावी, प्रोसेसर आत काय करतो, स्वतःची छोटीशी ऑपरेटिंग सिस्टिम कशी लिहावी, आणि सगळ्यात खाली एआयची फुकट हत्यारं. प्रत्येक ओळीवर बोट ठेवलं की आत आणखी एक यादी. त्या यादीत याद्या. आमच्याकडे लग्न ठरलं की आधी याद्या करायला बसतात. देण्याघेण्याच्या, मानपानाच्या, आमंत्रणाच्या. माझ्या एका आतेभावाचं लग्न याद्यांच्या बैठकीतच मोडलं होतं. मला तो फार आठवायला लागला. पहिला आठवडा मी फक्त याद्या उघडत होतो आणि प्रत्येक चांगल्या दिसणाऱ्या गोष्टीवर चांदणीची खूण करून ठेवत होतो. शनिवारी मोजायला गेलो नाही. आकाशातल्या कोणी मोजल्यात?

दुसऱ्या आठवड्यात मी आमच्या परंपरेला साजेसं पाऊल उचललं. चौकातल्या झेरॉक्सवाल्याकडे पेन ड्राइव्ह घेऊन गेलो.

त्याने स्क्रीनवर पानं सरकवून पाहिली. "हे सगळं काढायचं?"

"हो."

"दोन्ही बाजूंनी?"

"हो. आणि स्पायरल बाइंडिंग."

"वाचणारही आहात, का नुसतं ठेवायचंय?"

घरी आल्यावर मी त्या पाच जाडजूड वह्यांना खाकी कव्हरं घातली, वर लेबलं चिकटवली. कव्हर घालण्यात माझा हात धरणारा आमच्या शाळेत कोणी नव्हता. माझी मुलगी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, कॉम्प्युटरलाच. ती कॉलेजमधून आली, सोफ्यावर बॅग टाकली आणि दारातच थांबली.

"बाबा, तू इंटरनेट प्रिंट केलंस?"

"सगळं नाही. महत्त्वाचं तेवढं."

"अरे, ते रोज अपडेट होतं! तू प्रिंट मारलीस तोपर्यंत जुनंसुद्धा झालं असेल."

"जुनं झालं म्हणून खोटं होत नाही," मी म्हणालो. हे वाक्य मी स्वतःविषयी बोलतो आहे हे मला त्या वेळी कळलं नाही.

बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं, "अहो, लेबलं संपली का सगळी? माझ्या आठवीच्या मुलींना लागतील." आमच्या बैठकीच्या खोलीत ती संध्याकाळी गणिताची शिकवणी घेते. तेव्हा माझा अभ्यास बेडरूममध्ये, पलंग आणि कपाटाच्या मधल्या जागेत.

लो-लेव्हल म्हणजे काय, ते मला मुलीने एका वाक्यात समजावलं होतं. "बाबा, आजवर तू हॉटेलात जेवलास. ताट कुठून आलं, खरकटं कुठे गेलं, तुला पत्ता नाही. आता तू स्वतः ताट घ्यायचं, जेवायचं आणि घासून जागेवर ठेवायचं. नाही ठेवलंस तर थोड्या वेळाने घरात ताटंच उरणार नाहीत." कॉम्प्युटरच्या स्मरणशक्तीचं असं असतं म्हणे. मागितलेली जागा आपण परत करायची. मला हे पटलं, कारण घरात भांडी घासायची पाळी माझ्यावर येते तेव्हाही मी पातेलं भिजत घालून विसरतो.

यादीत लिहिलं होतं की नुसतं वाचू नका, एक छोटा बोर्ड आणा आणि त्यावर करून बघा. म्हणून मी मंडईपाशी गाडी लावून पेठेतल्या गल्लीत एका दुकानात गेलो. हाताच्या पंजाएवढंसुद्धा नाही असं हिरवं सर्किट, वर एक बारीक दिवा आणि एक बटण.

"मुलाला प्रोजेक्टला हवंय?" दुकानदाराने वर न बघता विचारलं.

"नाही. मला."

तेव्हा त्याने वर बघितलं. माझे केस, माझा चष्मा, माझी पिशवी, सगळं पाहून घेतलं. "मग हा घ्या. थोडा जुना आहे. जळला तरी वाईट वाटणार नाही."

"जळतो का?"

"बोर्ड नाही जळत. माणसं जाळतात."

मी मान हलवून घरी आलो आणि ठरवलं, जळू द्यायचा नाही.

आता खरी गोष्ट. यादीच्या तळाशी जी एआयची हत्यारं होती, त्यातलं एक मी मुलीच्या मदतीने माझ्या जुन्या लॅपटॉपवर उतरवून घेतलं. तेही फुकट, उघडं, आणि आपल्याच मशीनवर चालणारं. प्रश्न विचारला की लॅपटॉपचा पंखा घरघरू लागायचा आणि पाच-सात मिनिटांनी उत्तर यायचं. बायको शिकवणी थांबवून विचारायची, "अहो, गिरणी कधी बंद होणार?" आठवीच्या मुली खुदखुदायच्या.

मी त्याला मराठीत लिहायचो. 'कृपया आपण मला बटण दाबल्यावर दिवा लागेल असा प्रोग्राम लिहून द्याल का?'

"बाबा, त्याला प्लीज आणि आपण कशाला?" मुलगी म्हणाली.

"पहिल्यांदाच ओळख होतेय."

"माणूस नाहीये तो!"

"मग तर जास्तच जपून बोलायला हवं. माणसाचा स्वभाव तरी कळतो."

आणि त्याने लिहून दिला. पहिल्याच दिवशी. मी तो बोर्डवर चढवला, बटण दाबलं आणि दिवा लागला. पुन्हा दाबलं, विझला. मी बायकोला बोलावलं. तिने ओल्या हाताने बटण दाबून पाहिलं, दिवा लागलेला बघितला आणि वर आमच्या ट्यूबलाइटच्या बटणाकडे एक नजर टाकली. काही बोलली नाही. तिने मला किती गोष्टींत असं काही न बोलून सांभाळलंय.

इथे मला आमच्या काळातल्या जीटीबद्दल सांगायला हवं. इंजिनिअरिंगला असताना आम्हाला मोठमोठ्या ड्रॉइंग शीट काढाव्या लागायच्या. यंत्राचे भाग, छेद, मापं. ते डोक्याने काढायला फार वेळ लागतो. म्हणून होस्टेलवर एक काच असायची. दोन खुर्च्यांवर काच ठेवायची, खाली बल्ब लावायचा, काचेवर सीनियरची तपासून आलेली शीट, तिच्यावर आपला कोरा कागद. खालून उजेड आला की रेघा दिसतात. त्या गिरवायच्या. ग्लास ट्रेसिंग, म्हणून जीटी. सगळे करायचे. सर सही करायचे, कारण त्यांनीही आपल्या वेळी तेच केलेलं असायचं. माझ्या शीट इतक्या स्वच्छ असत की ज्युनियर मुलं माझ्या शीटवरून जीटी मारायची. पहिल्या वर्गात पास झालो. पण त्या यंत्रांतलं एकही काय काम करायचं ते मला आज सांगता येणार नाही. आणि तेव्हाही येत नव्हतं.

तर मी काय केलं? एआयने दिलेला प्रोग्राम दोनशे पानी वहीत फेअर करायला घेतला. डाव्या बाजूला ओळ, उजव्या बाजूला अर्थ. अर्थही त्यालाच विचारलेला. व्याख्या लाल शाईने, उदाहरण निळ्याने. रोज दुपारी दोन ते पाच, ऑफिसातल्या एका रिकाम्या टेबलावर. दहा आठवडे. दिवा लावणारा प्रोग्राम, मग आवाज करणारा, मग तापमान सांगणारा. सगळे चालले. सगळे उतरवले. आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, की आपल्याला हे जमतंय. खाली बल्ब होता, वर मी होतो.

त्या पहिल्या प्रोग्राममध्ये एक शब्द होता, व्होलटाइल. आता जरा धीर धरा, हा शब्द सोपा आहे आणि माझं पुढचं सगळं त्याच्यावर आहे. प्रोग्रामचे दोन भाग होते. एक भाग बटणावर लक्ष ठेवून बसलेला. बटण दाबलं की तो एका जागी '१' लिहून ठेवायचा. दुसरा भाग त्या जागेकडे सतत बघत बसायचा, '१' दिसला की तो पुसून दिवा लावायचा, लागलेला असला तर विझवायचा. व्होलटाइल हा शब्द त्या जागेच्या नावापुढे लिहिलेला होता. वहीत मी लाल शाईने लिहिलं होतं : 'या जागेतील मूल्य कोणत्याही क्षणी बाहेरून बदलू शकते, सबब ती प्रत्येक वेळी नव्याने वाचावी, असे कंपायलरला सांगणारा शब्द.' खाली दोन रेघा. कंपायलर म्हणजे आपण लिहिलेलं यंत्राच्या भाषेत उतरवून देणारा, आणि उतरवताना स्वतःची हुशारी चालवणारा.

मुलीने एकदा ती वही चाळली. ती खरंच चाळते, मी समोर नसताना. म्हणाली, "बाबा, हा शब्द काढून बघितलास?"

"काढू कशाला?"

"काढल्यावर काय होतं बघ ना."

"चालतंय ना?"

"चालतंय म्हणूनच! बिघडवल्याशिवाय तुला कळणार कसं तो काय करतो ते? आम्ही तर आधी बिघडवतोच."

"तुमचं ठीक आहे," मी म्हणालो. "मला दोन आठवडे उरलेत. चालतंय त्याला हात लावायची ही वेळ नाही."

तिने टॉवेल खांद्यावर टाकला. मग म्हणाली, "आपल्या बिल्डिंगच्या फळ्यासारखं आहे ते, बाबा. बघ विचार करून." आणि आंघोळीला गेली. आमच्या सोसायटीच्या जिन्याखाली एक फळा आहे, पाणी कधी येणार, कधी जाणार ते सेक्रेटरी त्यावर लिहितात. मी विचार केला नाही. मी तापमानाचा प्रोग्राम फेअर करत होतो.

मुलाखत चौथ्या मजल्यावर. मी इस्त्रीचा शर्ट घातला आणि पाचही वह्या आणि हाताने लिहिलेली ती दोनशे पानी कापडी पिशवीतून नेल्या. समोर मीटरच्या टीममधली एक मुलगी होती, माझ्या मुलीहून पाच-सहा वर्षांनी मोठी असेल. तिच्या टेबलावर एक उघडा पाण्याचा मीटर पडला होता, आतड्यांसकट. ती फार नम्र होती. मला पाणी विचारलं. एसी कमी करू का, विचारलं. मी पिशवीतून वह्या काढल्या तेव्हा ती हसली नाही, उलट दोनशे पानी वही हातात घेऊन हळूहळू पानं उलटली.

"सर, अक्षर किती सुंदर आहे तुमचं."

इतक्या वर्षांच्या अनुभवातून सांगतो, तांत्रिक कामाच्या मुलाखतीत कोणी तुमच्या अक्षराचं कौतुक केलं, की पिशवी भरायला घ्यावी. पण मी बसून राहिलो.

ती त्याच पानावर थांबली. दोन लाल रेघांवर. "हा शब्द इथे का आहे?"

मी व्याख्या म्हटली. न अडखळता. सबबसकट.

"बरोबर. आता समजा आपण तो काढला. बोर्डवर काय होईल? म्हणजे दिवा लागलेला राहील, विझलेला राहील, का जळून जाईल? तुम्हाला काय दिसेल?"

वहीत ते नव्हतं. दुकानदाराचं 'माणसं जाळतात' कानात वाजलं, आणि मी, देवा शप्पथ सांगतो, म्हणालो, "जळेल?"

ती तरीही हसली नाही. "कधी काढून बघितलाय का सर? तो किंवा दुसरा कुठला शब्द? काहीतरी मुद्दाम मोडून?"

"नाही," मी म्हणालो. "चालत होतं."

तिने मान हलवली. त्या हलवण्यात राग नव्हता, हेच मला जड गेलं. तिने वही मिटली, खाकी कव्हरचा दुमडलेला कोपरा अंगठ्याने सरळ केला आणि परत दिली. म्हणाली, "लिहून तर आता आमचंही एआयच देतं, सर. आम्हाला माणूस हवाय तो मीटर मध्येच बंद पडला तर का पडला, ते सांगायला."

लिफ्टपर्यंत ती सोडायला आली. लिफ्ट वर यायला वेळ लागला. मी म्हणालो, "तुमच्या टीममध्ये आलो असतो तर सोसायटीने मला वाळीतच टाकलं असतं. पाण्याला मीटर म्हटलं की बिल वाढणार म्हणून आमच्याकडे लोक काठ्या शोधतात."

"मनाला लावून घेऊ नका," ती म्हणाली. "पुढच्या तीन महिन्यांत आमच्यातले किती राहणार, आम्हालाही माहीत नाही."

लिफ्ट आली. तिने माझ्यासाठी बटण दाबलं आणि ते लगेच लागलं.

पत्र दोन दिवसांनी ईमेलवर आलं. मी पहिली ओळ वाचली आणि मला घरी आल्यासारखं वाटलं. पहिल्या परिच्छेदात बावीस वर्षांच्या सेवेबद्दल आभार. दुसरा 'हाउएव्हर'पासून. तिसऱ्यात शुभेच्छा. मी ते सवयीने तपासलं. 'हाउएव्हर'नंतर स्वल्पविराम नव्हता. आमच्या प्रोग्रामने ही चूक बावीस वर्षांत एकदाही केली नसती, आणि हे सांगायला आता माझ्याकडे कोणी नव्हतं. बायकोला वाचून दाखवलं. ती शिकवणीसाठी चौरस आखत होती. पट्टी खाली न ठेवता म्हणाली, "म्हणजे शुक्रवारी शेवटचा दिवस?"

"हो."

"डबा देऊ का त्या दिवशी? का बाहेर जेवण असतं?"

डबा दिला. बाहेर जेवण नव्हतं. गळ्यातलं ओळखपत्र जमा करून मी चार वाजता घरी होतो. दुपारचं ऊन असताना ऑफिसातून घरी यायची सवय नव्हती. वॉचमननेही विचारलं, "साहेब, तब्येत बरी आहे ना?"

मग सोमवार आला. सोमवारी सकाळी नऊ वाजता माणसाला काही करायचं नसेल तर घर किती मोठं असतं, ते आमच्या दोन खोल्यांत मला कळलं. मी पलंग आणि कपाटाच्या मधे बसलो, बोर्ड जोडला आणि तो शब्द काढला. एक शब्द. पुन्हा प्रोग्राम चढवला. बटण दाबलं.

काही झालं नाही. जळलं नाही, धूर नाही, काही नाही. पुन्हा दाबलं. दहा वेळा दाबलं. दिवा विझलेला तो विझलेलाच.

पाच मिनिटं मी त्याच्याकडे बघत बसलो आणि मग एकदम कळलं. म्हणजे कळणं असतं तसं कळलं, लाल शाईतलं नाही. बटणावर बसलेला गडी इमानदारीत '१' लिहीत होता. पण दुसरा, दिव्यावाला, त्याने सुरुवातीला एकदाच त्या जागेकडे पाहिलं होतं. तेव्हा काही लिहिलेलं नव्हतं. मग त्याने मनाशी ठरवलं, इथे काही लिहिलेलं नसतं. आणि त्यानंतर तो तिकडे बघायचाच थांबला. त्याला हुशारी वाटत होती ती. उगाच कशाला रोज बघायचं? जिन्याखालचा फळा. आमच्याकडे वरच्या मजल्यावर एक काका आहेत, सकाळी दूध आणायला जाताना फळा वाचतात आणि दिवसभर तेवढ्यावर राहतात. दुपारी सेक्रेटरी लिहितात, 'खडकवासल्याहून येणारी लाइन दुरुस्तीला, उद्या पाणी नाही.' आणि दुसऱ्या दिवशी काका अंगाला साबण लावून गॅलरीतून ओरडतात. मुलगी हेच सांगत होती. मी हसलो काकांना. पाचेक सेकंद हसलो असेन. मग माझाच फळा मला दिसला, त्या कँटीनमधल्या चहापासूनचा, आणि हसू थांबलं.

मला ते कोणाला तरी सांगायचं होतं. मुलगी कॉलेजात, बायको भाजीला. म्हणून ती यादी उघडली. ओपन सोर्सचा हा एक मोठेपणा वाचला होता : कोणीही त्यात भर घालू शकतं. मी एवढंच सुचवणार होतो, की या धड्याखाली एक ओळ घाला, 'प्रोग्राम चालला की एक शब्द काढून पुन्हा चालवून बघा.' माझं पहिलं आणि कदाचित शेवटचं योगदान. चांगलं दोनदा लिहून पाहिलं, व्याकरण तपासलं.

यादीच्या वर एक पिवळी पट्टी आली होती. त्या भल्या माणसाने लिहिलं होतं, की आता कोणी याद्या वाचत नाही, सगळे थेट एआयला विचारतात, त्यामुळे ही यादी तो यापुढे सांभाळणार नाही. वाचता येईल. बदल स्वीकारले जाणार नाहीत.

'हाउएव्हर' नव्हतं, एवढं त्याचं चांगलं.

संध्याकाळी मी मुलीला सगळं सांगितलं. ती खूश होईल असं वाटलं होतं. तिने ऐकलं, मान हलवली, म्हणाली, "बरोबर, बाबा." मग मोबाइल उलटसुलट करत म्हणाली, "आमच्या सीनियर्सपैकी अजून कोणालाच नोकरी लागलेली नाही. त्यांना तर हे सगळं येतं." मला काही तरी वडिलांसारखं बोलायला हवं होतं. मी विचारलं, "चहा घेतेस?" ती हो म्हणाली.

वह्या रद्दीवाल्याने नाकारल्या. म्हणजे घेतो म्हणाला, पण स्पायरल काढून द्या, प्लास्टिक चालत नाही. दुपारी दोन ते पाच तेच करतो आहे. स्पायरल एका टोकाला कापून गोल गोल फिरवत ओढायचं असतं, नाही तर पानं फाटतात. यात मात्र मी चांगला आहे.

बोर्ड जेवणाच्या टेबलावर, मिठाच्या बरणीशेजारी आहे. पुसताना बायको रोज एकदा ते बटण दाबून बघते.

"अजून लागत नाही का हा?"

"नाही."

"मग दुरुस्त करा की. आता वेळच वेळ आहे."

"करतो," मी म्हणतो. एकच शब्द परत घालायचा आहे. तीन आठवडे होत आले.